गाडी बाजूने घासली, तर चूक कोणाची? मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जखमींच्या बाजूने उभं राहणं हे माझं रोजचं काम. समोरासमोर धडक झाली की लोक पोलिसांना बोलावतात, फोटो काढतात, दवाखान्यात जातात. "नुसती घासून गेली" म्हटलं की मात्र सगळं पाच मिनिटांत उरकतं. मागून हॉर्न वाजत असतात, समोरचा "जाऊ दे ना साहेब" म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. आठवड्याने मान अवघडते, हाताला मुंग्या येतात, आणि तेव्हा हातात कागदाचा कपटासुद्धा नसतो. असे लोक मला वारंवार भेटतात. त्यांनी विचारलेले प्रश्न आणि मी त्यांना दिलेली उत्तरं इथे मांडली आहेत.

बाजूने घासणं म्हणजे नेमका कोणता अपघात?

दोन वाहनांच्या बाजू एकमेकींना लागतात तो. बहुतेक वेळा दोन्ही गाड्या एकाच दिशेने चाललेल्या असतात आणि एक जण दुसऱ्याच्या लेनमध्ये येतो. अरुंद रस्त्यावर समोरून येणारी गाडीही अशीच घासते. त्यात दोघांचे वेग एकमेकांत मिळवले जातात, म्हणून मार जास्त बसतो. चौकात एका गाडीचं नाक दुसऱ्या गाडीच्या दारात घुसतं, तो प्रकार वेगळा. तिथे दार आत येतं आणि आत बसलेल्या माणसाला थेट मार लागतो.

मुंबईत हे इतकं का होतं?

पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरी ते गोरेगाव संध्याकाळी एकदा गाडी चालवून बघा. उड्डाणपुलावरून उतरणाऱ्या गाड्यांना डावीकडे जायचं असतं, सर्व्हिस रोडवरून चढणाऱ्यांना उजवीकडे यायचं असतं, आणि दोघांना हे करायला मिळतो तो जेमतेम काही मीटरांचा तुकडा. त्यात बसथांबा, उभ्या रिक्षा आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे. लेन अचानक आवळली की सगळे एकमेकांकडे सरकतात.

दुसरं मोठं कारण ब्लाइंड स्पॉट. मधल्या आरशातही नाही आणि बाजूच्या आरशातही नाही, असा एक पट्टा प्रत्येक गाडीच्या मागच्या दारापाशी असतो. एक अख्खी बाइक त्यात मावते. डंपर, टँकर आणि बसच्या डाव्या अंगाला हा पट्टा कितीतरी मोठा असतो. आरसा बघितला म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. लेन बदलण्याआधी खांद्यावरून मान वळवून बघायला फार थोडे चालक शिकलेले आहेत.

पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसतच नाहीत. पाण्यावर दिव्यांचा उजेड चमकतो आणि प्रत्येकजण अंदाजाने आपली लेन ठरवतो. खड्डा चुकवायला मारलेला झटका हे जून ते सप्टेंबरचं नेहमीचं कारण. जे. जे. उड्डाणपुलाच्या वळणांवर आणखी वेगळी गंमत नाही, धोका असतो: वेग थोडा जास्त असला की गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला ओढली जाते आणि चालकाच्या नकळत पट्टा ओलांडते. मोबाइलवर नकाशा बघणं आणि "अरे, इथेच वळायचं होतं" म्हणून शेवटच्या क्षणी मारलेला कट, याबद्दल वेगळं सांगायला नको.

चूक ठरवताना कोणता नियम बघतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्याखालचे २०१७ चे वाहन चालवण्याचे विनियम. त्यांचं सार साधं आहे. जो आपली लेन सोडतो, त्याने आधी इशारा द्यायचा आणि पलीकडची जागा मोकळी असल्याची खात्री करून घ्यायची. नुसता इंडिकेटर दिला म्हणजे जायचा हक्क मिळत नाही. ओव्हरटेक सर्वसाधारणपणे उजवीकडूनच करायचा, आणि ज्याला ओव्हरटेक केलं जातंय त्याने मुद्दाम वेग वाढवायचा नाही. सलग पट्टा असेल तिथे तो ओलांडायचा नाही.

म्हणून एक गाडी आपल्या लेनमध्ये सरळ चालली होती आणि दुसरी तिच्यात शिरली, हे दाखवता आलं की चूक शिरणाऱ्याची, हे बहुधा ठरतंच. वाद असतो तो "शिरलं कोण" याचाच.

दोघंही म्हणतात, "तोच माझ्या अंगावर आला." मग खरं कसं कळणार?

गाडीवरचा ओरखडा बघून. या प्रश्नावर मी लोकांना सगळ्यात जास्त वेळ देतो.

एकाच दिशेने चाललेल्या दोन गाड्यांमध्ये जी जास्त वेगात असते, तिच्यावरचा ओरखडा पुढून मागे जातो. जी हळू असते, तिच्यावरचा मागून पुढे येतो. कारण वेगवान गाडीच्या दृष्टीने शेजारची गाडी मागे मागे जात असते. आरशांचंही तसंच. वेगवान गाडीचा आरसा मागे काचेकडे दुमडतो, हळू गाडीचा पुढे बॉनेटच्या दिशेला ढकलला जातो.

ओरखड्याची दिशा ओळखायला जवळ जाऊन बघावं लागतं. तो जिथे संपतो तिथे खरवडलेल्या रंगाची भुकटी आणि बारीक सालपटं साचलेली असतात. दोन दारांच्या फटीपाशी बघा. घासणारी वस्तू पुढून मागे गेली असेल, तर मागच्या दाराची पुढची कड आत चेपलेली किंवा उचकटलेली दिसते. मागून पुढे आली असेल, तर पुढच्या दाराची मागची कड. दारावर रबराचे काळे, कमानीसारखे डाग असतील, तर फिरतं चाक तिथे लागलं होतं.

माझ्या एका अशिलाची गोष्ट सांगतो. तो बाइकवर होता. गाडीवाल्याचं म्हणणं, "हा मागून भरधाव आला आणि मला घासून पडला." रस्त्यावरच्या एका मुलाने अपघातानंतर लगेच मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात गाडीचा डावा आरसा मागे, काचेला टेकलेला दिसत होता आणि डाव्या दारावरची सालपटं हँडलच्या मागच्या बाजूला साचली होती. म्हणजे ओव्हरटेक गाडी करत होती, बाइक नव्हे. पोलीस येईपर्यंत गाडीवाल्याने आरसा सरळ करून ठेवला होता. तो एक फोटो नसता, तर माझ्या अशिलाचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच उरलं असतं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. ओरखडा वेग सांगतो, लेन सांगत नाही. हळू चालणारा माणूसही अंगावर येऊ शकतो. म्हणून गाड्या पट्ट्यांच्या तुलनेत कुठे होत्या आणि काचा, माती, प्लास्टिकचे तुकडे कुठे पडले होते, हेही फोटोत यायला हवं. डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेवर लावलेला कॅमेरा, असेल तर निम्मा वाद तिथेच मिटतो. मी स्वतः लावला आहे आणि तुम्हीही लावा.

चूक दोघांची असली तर?

टक्केवारी ठरते. तुम्ही इंडिकेटर न देता लेन बदलली आणि मागचा मर्यादेपेक्षा जास्त वेगात होता, तर न्यायाधिकरण दोघांवर जबाबदारी वाटून टाकतं. तुमचा वाटा ३० टक्के धरला आणि नुकसान दहा लाखांचं ठरलं, तर तुम्हाला सात लाख मिळतात. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. कोणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त आहे, हे बघतात. त्यामुळे "माझीही थोडी चूक होती" म्हणून दावाच न करणं बरोबर नाही.

मी रिक्षात किंवा टॅक्सीत प्रवासी होतो. मी कोणाकडे मागायचं?

दोन्ही वाहनांचे मालक आणि त्यांच्या विमा कंपन्या, सगळ्यांना प्रतिवादी करता येतं. प्रवाशाने चालकांचं भांडण सोडवत बसायची गरज नाही. दोन चालकांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली, तर तो पूर्ण भरपाई त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या निकालात स्पष्ट केलं आहे. पुढचा हिशेब त्या दोघांनी आपसात करायचा.

रिक्षाच्या डाव्या बाजूला बसणाऱ्यांना एक विनंती. गुडघा आणि कोपर आत ठेवा. रिक्षाला नुसता ओरखडा आणि आतल्या बाईंच्या गुडघ्याची वाटी फुटलेली, असं प्रकरण मी पाहिलं आहे.

बाइकवाले मधून घुसतात. मग चूक नेहमी त्यांचीच ना?

नाही. दोन रांगांमधून वेगाने नागमोडी जाणाऱ्याची चूक धरली जातेच. पण मोठ्या वाहनाच्या चालकाने आरशात बघून मगच सरकायचं असतं, ही जबाबदारी त्यामुळे संपत नाही. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून हळू पुढे येणारी बाइक आणि चालत्या वाहतुकीत कट मारणारी बाइक, यांत न्यायाधिकरण फरक करतं.

आणि माणूस म्हणून सांगतो, गाडीला बाइक घासली की गाडीचा रंग जातो आणि बाइकवाल्याचा पाय जातो. हँडल अडकलं की बाइक क्षणात आडवी होते, आणि पडणारा कुठल्या बाजूला पडेल हे कोणाच्या हातात नसतं. त्या बाजूने बस येत असेल तर काय होतं, ते मी फोटोंमध्ये पाहिलं आहे. बेस्टच्या बसला डावीकडून ओलांडू नका. थांब्याकडे वळताना चालकाला तुम्ही दिसत नाही.

खड्डा चुकवताना शेजारच्याला घासलं. महापालिकेला जबाबदार धरता येईल का?

शेजारच्यासाठी जबाबदार तुम्हीच. खड्डा दिसला तर वेग कमी करायचा, बाजूला झटका मारायचा नाही, अशी चालकाकडून अपेक्षा असते. मात्र खड्ड्यामुळे कोणी जखमी झालं किंवा दगावलं, तर वेगळी वाट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी ६ लाख आणि इजेसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. तो दुसऱ्या दिवशी बुजवलेला असू शकतो.

घासण्याने काय मोठी इजा होणार?

नुसतं घासणं झालं आणि दोन्ही गाड्या सरळ थांबल्या, तर बहुधा काही होत नाही. खरा धोका पुढच्या दोन सेकंदांत असतो. चालक दचकतो, स्टीअरिंग उलट दिशेला जोरात फिरवतो आणि गाडी दुभाजकावर किंवा पलीकडच्या लेनमध्ये जाते. पूर्व मुक्त मार्गावर किंवा सागरी सेतूवर ८० च्या वेगात हे घडलं, तर पहिला धक्का कोणाच्या लक्षातही राहत नाही.

कारमधल्यांना बाजूच्या झटक्याने मानेचे स्नायू ताणले जाणं, डोकं काचेवर आपटणं, खांदा दुखावणं, स्टीअरिंग घट्ट धरल्याने मनगट मोडणं, हे प्रकार होतात. बाइकवाल्यांच्या बाबतीत नडगीची हाडं, घोटा, गळपट्टीचं हाड आणि रस्त्यावर घासत गेल्याने सोललेली कातडी. कातडी सोलण्याला लोक किरकोळ समजतात, पण खोल असेल तर त्वचारोपण करावं लागतं.

हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत होते, मग ते करंगळीचं का असेना. भरपाईच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे.

एअरबॅग उघडली नाही. गाडीत दोष आहे का?

बहुधा नाही. एअरबॅग ठरावीक जोराच्या धक्क्याला उघडते, आणि घासून जाण्यात तेवढा आडवा जोर नसतो. सीटबेल्ट मात्र अशा वेळी कामाला येतो. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसलेल्यांनाही तो लावण्याची सक्ती पोलिसांनी सुरू केली आहे. ज्येष्ठांना मागे बसवून बेल्ट न लावणं बंद करा, झटक्याने त्यांचंच डोकं आधी आपटतं.

अपघातानंतर मी ठणठणीत होतो. दुसऱ्या दिवशी मान दुखू लागली. उशीर झाला का?

नाही, पण दुखू लागेल त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. अपघाताच्या भीतीने अंगात जी ताकद येते, ती वेदना काही तास दाबून ठेवते. मान आणि पाठ बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बोलू लागते. उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा, पोटात किंवा डाव्या बरगड्यांखाली दुखणं, लघवीतून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. फॅमिली डॉक्टरची वाट बघू नका.

आता एक गोष्ट फार काळजीने सांगतो. केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, "काय झालं?" वेदनेत माणूस म्हणतो, "गाडीवरून पडलो." डॉक्टर तेच लिहितात. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तो कागद उचलून विचारतो, "तुम्ही तर स्वतःच पडलात ना?" या एका ओळीने चांगले दावे बुडतात. "पांढऱ्या कारने डावीकडून घासलं, त्यामुळे पडलो," असं पूर्ण सांगा. गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही. रुग्ण बेशुद्ध असेल तर नातेवाइकाने सांगावं, आणि लिहिलेलं वाचून घ्यावं.

पहिल्या दहा मिनिटांत काय करू?

गाडी थांबवा, धोक्याचे दिवे लावा. कोणी जखमी असेल तर १०८ किंवा ११२. बाकी सगळं त्यानंतर. कोणालाही इजा नसेल तर गाड्या हलवण्याआधी एक मिनिट फोटोंना द्या: लांबून दोन्ही गाड्या आणि रस्त्यावरचे पट्टे, मग जवळून ओरखडे, आरसे, चाकांची दिशा, जमिनीवरचे तुकडे, नंबरप्लेट. आरशाला हात लावू नका. मग बाजूला घ्या, कारण द्रुतगती मार्गावर मधोमध उभं राहणं हा दुसऱ्या अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. समोरच्याचं नाव, लायसन्स आणि विमा पॉलिसीचा फोटो घ्या. साक्षीदाराचा फोन नंबर मागा. पेट्रोल पंप, दुकान, सोसायटीचं गेट, जिथे कॅमेरा दिसेल ती जागा टिपून ठेवा आणि त्याच दिवशी फुटेज मागा. जुनं पुसलं जाऊन त्यावर नवं चढत राहतं.

"सॉरी, माझं लक्ष नव्हतं" असं म्हणू नका, आणि आवाजही चढवू नका. चौकशी करा, पाणी द्या, पण चूक कोणाची ते रस्त्यावर ठरवू नका.

समोरचा जागेवर दोन हजार देतोय. घ्यावेत का?

नुसता रंग गेला असेल आणि तुम्हाला क्लेम करायचाच नसेल, तर तुमची मर्जी. पण दाराच्या आत काय वाकलंय ते रस्त्यावर दिसत नाही. गॅरेजमध्ये पत्रा उघडला की आकडा वाढतो. अंगाला थोडाही मार असेल तर पैसे घेऊन काहीही लिहून देऊ नका. आणि तुम्ही देणारे असाल तर हे माहीत असू द्या: विमा पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची किंवा पैशांचं आश्वासन द्यायचं नसतं.

पोलिसांत जावंच लागतं का?

इजा झाली असेल तर हो. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं, ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. विमा कंपनीलाही कळवायचं असतं. नुसतं गाडीचं नुकसान असेल तर निदान स्टेशन डायरीत नोंद करून तिची प्रत घ्या. इजेच्या प्रकरणात पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल द्यायचा, असा नियम २०२२ पासून आहे. तो गेला का, हे तपास अधिकाऱ्याला नम्रपणे विचारत राहा.

मदत करणाऱ्याने घाबरू नये. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्यावर स्वतःचं नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती कायद्याने करता येत नाही.

माझ्या गाडीचा खर्च कोण देणार?

सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर स्वतःच्या विमा कंपनीकडून ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, घ्या. हा सगळ्यात जलद मार्ग. ठरावीक रक्कम तुम्हाला भरावी लागते आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. म्हणून खर्च थोडा असेल तर आधी हिशेब मांडा: ५० टक्के बोनस घालवण्यापेक्षा एका दाराचं डेंटिंग-पेंटिंग खिशातून करणं स्वस्त पडू शकतं. नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरणारा, असेल, तर समोरच्याकडून वसुलीसाठी न्यायाधिकरणात जावं लागतं.

घासून पळून गेला. नंबर मिळाला नाही.

पोलिसांत तक्रार लगेच करा, कॅमेऱ्यांचा शोध तिथूनच सुरू होतो. वाहन सापडलंच नाही तर कलम १६१ खालच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. ही रक्कम तुटपुंजी आहे, हे मी मान्य करतो. तरी सोडू नका.

उपचाराला पैसे नाहीत.

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस उपचार योजना मे २०२५ पासून आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. रुग्णालयात शिरतानाच तिच्याबद्दल विचारा.

दावा किती दिवसांत करायचा?

कायद्यात मुदत सहा महिन्यांची आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसून राहू नका. अपघात जिथे झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. म्हणजे वाशीला अपघात झालेला मुलुंडचा माणूस मुंबईत दावा लावू शकतो. चूक सिद्ध करणं कठीण असेल तर कलम १६४ आहे. त्यात चूक न दाखवता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख मिळतात. कोणता मार्ग धरायचा, ते कागद बघितल्यावरच सांगता येतं.

कोणते कागद जपून ठेवू?

केसपेपर, एक्स-रे, औषधांची प्रत्येक पावती, फिजिओथेरपीच्या तारखा, रिक्षा-टॅक्सीचा खर्च, कामावर गेला नाहीत त्या दिवसांचा दाखला. पगार रोखीत मिळत असेल तर मालकाकडून लिहून घ्या. घरकाम करणाऱ्या बायकांचंही नुकसान मोजलं जातं, हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. औषधांच्या दुकानाच्या पावतीवरची शाई दोन-तीन महिन्यांत उडते. घरी आल्याबरोबर तिचा फोटो काढा आणि झेरॉक्स करून मूळ पावतीला टाचून ठेवा.